कवळाण्याचा गोपाळ आणि बडोद्याची तिजोरी



मुलांसाठी पैसा ठेवायचा की संस्कार, हा विषय आपल्या घराघरांत निघतोच. त्या निमित्ताने आज महाराजा सयाजीराव गायकवाड (तिसरे) यांची आठवण करूया.

त्यांचा जन्म 11 मार्च 1863 चा, मालेगावजवळच्या कवळाणे गावचा. मूळ नाव गोपाळराव. गायकवाडांच्याच भाऊबंदकीतलं घर, पण शेतकऱ्याचं. तिकडे बडोद्याला संपत्तीचा पूर! खंडेराव महाराजांनी चांदीच्या तोफा करवल्या, तर त्यांच्यामागून आलेल्या मल्हाररावांनी सोन्याच्या. 1875 मध्ये इंग्रजांनी मल्हाररावांना गादीवरून काढलं. मग खंडेरावांच्या पत्नी जमनाबाईसाहेबांनी कवळाण्याहून मुलं बोलावली. कशाला आलास असं विचारल्यावर राजा व्हायला आलो, असं गोपाळने न घाबरता सांगितलं म्हणतात. तोच दत्तक गेला.

तेव्हा त्याचं वय 12, आणि लिहिणं-वाचणं जवळजवळ नाहीच. ज्या वयात आपली मुलं सातवीत असतात, त्या वयात हा राजा बाराखडीपासून बसला. 1881 मध्ये कारभार हाती आला. आपल्याला जे उशिरा मिळालं, ते प्रजेच्या लेकरांना वेळेवर मिळावं, असंच जणू त्यांनी मनाशी धरलं असावं. 1893 मध्ये अमरेली भागात आणि 1906 मध्ये साऱ्या संस्थानात प्राथमिक शिक्षण मोफत व सक्तीचं झालं, मुलींनासुद्धा. गावोगावी वाचनालयं निघाली. 1913 मध्ये बाबासाहेब आंबेडकर अमेरिकेला शिकायला गेले, ते बडोद्याच्याच शिष्यवृत्तीवर. तिजोरी तीच, पण आता तिच्यातून तोफा नाही, शाळा निघाल्या.

घरात मात्र दुःख फार. मोठे फत्तेसिंहराव 1908 मध्ये गेले, पुढे शिवाजीराव आणि जयसिंहरावही. तीन तरणे मुलगे बापाच्या डोळ्यांदेखत गेले. 6 फेब्रुवारी 1939 ला महाराजांनी देह ठेवला आणि गादी नातवाकडे, प्रतापसिंहरावांकडे आली. वडील गेले तेव्हा ते तान्हे होते. त्यांनी आजोबांच्या नावाने 1949 मध्ये विद्यापीठ उभं केलं. पण राज्याच्या तिजोरीतून अफाट पैसा उचलल्याचा ठपकाही त्यांच्यावर आला, आणि 1951 मध्ये सरकारने त्यांची महाराजा म्हणून मान्यता काढून घेतली.

एकाच माणसाच्या हातून दोन्ही घडलं. म्हणून आम्ही कुणाला नावं ठेवत नाही. आम्हाला एवढंच उमगतं की पैसा आपोआप वारसाने येतो, त्याची किंमत आपोआप येत नाही. ती प्रत्येक पिढीला नव्याने शिकावी लागते, आणि शिकवायला घरातलंच कुणीतरी जवळ बसावं लागतं.

आपण आपल्या नातवंडांना खाऊचे पैसे देतो. या आठवड्यात त्यांना जवळ घेऊन, त्यातले दोन रुपये कुणासाठी काढायचे, तेही विचारूया का?

।। श्री सद्गुरुचरणार्पणमस्तु ।। 🌺