धनुष्यावरचा वेग आणि हातातला वेग; कंपाउंडच्या जनकाची गोष्ट

घोडेगावच्या बाजारात म्हैस घेणारा सांगितलेल्या दुधावर व्यवहार करत नाही, धार काढून बघतो. मुलांसाठी महागडे कंपाउंड धनुष्य घेतानाही हीच सावधगिरी हवी. माहितीपत्रकावरचा ‘सेकंदाला ३४० फूट’ हा वेग मैदानावर सहसा मिळत नाही. कारण समजण्यासाठी हॉलिस विल्बर ॲलन यांची ओळख हवी.

कोण होते ॲलन?
१९०९ मध्ये जन्मलेले ॲलन अमेरिकेतील मिसुरीचे शिकारी. दोरीच्या आवाजाने हरीण बिथरायचे, म्हणून त्यांना वेगवान बाण हवा होता. पण धनुष्य जितके ताठ, तितके ते ताणून धरणे कठीण. ॲलन यांनी धनुष्याची टोके कापून तिथे कप्प्या बसवल्या. कप्पीची आस मध्यापासून सरकवलेली असल्याने आधी जोर लागतो, पूर्ण ताणल्यावर मात्र भार कमी होतो आणि नेम शांतपणे धरता येतो. १९६६ मध्ये त्यांनी पेटंटसाठी अर्ज केला, ते १९६९ च्या डिसेंबरमध्ये मिळाले. टॉम जेनिंग्ज यांनी या धनुष्याचे उत्पादन केले. १९७९ मध्ये ॲलन यांचे निधन झाले.

छापील वेग कसा ठरतो?
प्रचलित चाचणीत ताण ७० पौंड, ओढ ३० इंच आणि बाण ३५० ग्रेनचा (सुमारे २३ ग्रॅम) असतो.

प्रत्यक्षात किती?
ओढ इंचाने घटली की वेग साधारण १० फुटांनी कमी होतो. ताण १० पौंडांनी उतरला की १५ ते २० फूट जातात. बाण ५० ग्रेनने जड झाला की आणखी सुमारे १५ फूट. म्हणजे २८ इंच, ६० पौंड आणि ४०० ग्रेनच्या बाणाला ३४० ऐवजी २८५ च्या आसपास वेग मिळतो. दोरीवरील जोडण्यांमुळे तो आणखी थोडा घटतो.

मग काय बघावे?
जागतिक तिरंदाजी महासंघाच्या स्पर्धांत ताणाची मर्यादाच ६० पौंड आहे. २०२३ मध्ये बर्लिनला नागपूरचा ओजस देवतळे आणि साताऱ्याची अदिती स्वामी जगज्जेते ठरले ते ५० मीटरवरच्या अचूक नेमावर. दोन्ही हात पसरून मोजलेल्या लांबीला अडीचने भागले की आपली ओढ अंदाजे कळते. आधी ती जुळवा. वेगासाठी फार हलका बाण वापरू नका, धनुष्य तुटून इजा होऊ शकते. ॲलन यांना वेग हवा होता, पण त्यांच्या कप्पीची खरी देणगी स्थिर हात हीच आहे.