महर्षी विठ्ठल रामजी शिंदे : नावांना मान मिळवून देणारे जीवन

शाळेचा हीरक महोत्सव म्हणजे साठ वर्षांच्या हजेरीपटांचा उत्सव. त्या पटांवर हजारो नावे आहेत, आणि गुरुजनांनी ती सारी एकाच स्वरात पुकारली आहेत. मैदानावर मात्र नेहमी तसे घडत नाही. खेळ रंगात आला, कुणाचा झेल सुटला, कुणाचे कपडे मळके दिसले, कुणाचे बोलणे रांगडे वाटले, की मुलांच्या तोंडून एखाद्या जातीचे, जमातीचे वा प्रांताचे नाव शिवीसारखे निघून जाते. विचारले तर उत्तर ठरलेले असते : आम्ही सहज म्हटले, मनात काही नव्हते. हे शब्द मुले पुस्तकातून शिकत नाहीत. ती ते घरातून, गल्लीतून आणि मोठ्यांच्या विनोदातून उचलतात. म्हणून या स्मरणिकेत माजी विद्यार्थी आणि पालक यांच्यासमोर एका अशा पुरुषाचे चरित्र ठेवावेसे वाटते, ज्याने ही तुच्छता ओळखली आणि ती दूर करण्यासाठी आयुष्य वेचले.

विठ्ठल रामजी शिंदे यांचा जन्म 23 एप्रिल 1873 रोजी जमखंडी येथे झाला. तेव्हाचे हे पटवर्धनांचे संस्थान आज कर्नाटकाच्या बागलकोट जिल्ह्यात आहे. आपण बेंगळुरूकर मराठी माणसांनी हे मुद्दाम ध्यानात ठेवावे, कारण महाराष्ट्राने ज्यांना महर्षी म्हटले ते कन्नड मुलखातच वाढले. घरात मराठी आणि बाहेर कानडी असे त्यांचे बालपण गेले. पुढे कानडी आणि मराठी यांच्या नात्यावर त्यांनी अभ्यासपूर्ण लेखन केले, त्याचे बीज या बालपणातच होते. वडील रामजीबाबा आणि आई यमुनाबाई यांचे घर वारकरी वळणाचे होते. भजन-कीर्तनाच्या या संस्कारातून माणसाकडे माणूस म्हणून पाहण्याची दृष्टी त्यांना लहानपणीच मिळाली.

शिक्षणासाठी ते पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात गेले आणि 1898 साली पदवीधर झाले. बडोद्याचे सयाजीराव महाराज गायकवाड यांचे साहाय्य त्यांना लाभले. कायद्याचा अभ्यास त्यांनी सुरू केला होता, परंतु मन प्रार्थना समाजाच्या उदार धर्मविचाराकडे ओढले गेले. 1901 ते 1903 या काळात ऑक्सफर्डच्या मँचेस्टर कॉलेजात त्यांनी धर्मांचा तुलनात्मक अभ्यास केला. 1903 साली ॲम्स्टरडॅम येथे भरलेल्या उदार धर्मीयांच्या आंतरराष्ट्रीय परिषदेस उपस्थित राहून ते स्वदेशी परतले. अशा शिक्षणाच्या बळावर सुखाची नोकरी सहज मिळाली असती. त्यांनी प्रार्थना समाजाचे प्रचारक होणे पत्करले.

प्रचारासाठी हिंडताना त्यांना जो देश दिसला तो परिषदांतून दिसणाऱ्या देशाहून निराळा होता. बडोदे संस्थानात अस्पृश्य मुलांसाठी चाललेल्या शाळा त्यांनी पाहिल्या. 1905 साली अहमदनगरजवळ भिंगार येथे महार समाजातील लोकांनी त्यांना रात्रीच्या सभेस बोलावले. तेथे ऐकलेली दुःखे त्यांच्या अंतःकरणात खोल गेली आणि जीवनाचे काम कोणते याचा निश्चय त्या सभेने झाला. पुढच्याच वर्षी, 18 ऑक्टोबर 1906 रोजी, मुंबईत परळ येथे त्यांनी शाळा उघडली आणि डिप्रेस्ड क्लासेस मिशनचा आरंभ झाला. न्यायमूर्ती नारायण गणेश चंदावरकर हे या संस्थेचे अध्यक्ष होते.

या संस्थेचे मराठी नाव विचार करण्याजोगे आहे. ज्यांचा उल्लेख करताना लोक नाक मुरडत, त्यांच्यासाठी काढलेल्या संस्थेला शिंदे यांनी निराश्रित साहाय्यकारी मंडळी असे नाव दिले. ज्या शब्दांभोवती तिरस्कार साचला होता ते टाळून त्यांनी समाजाला त्याच्या कर्तव्याची आठवण देणारा शब्द निवडला. आज त्या शब्दातही थोडी दयेची छटा जाणवते. नाव ठेवणारा कितीही सद्भावनेचा असला तरी ते नाव वागवावे लागते दुसऱ्याला, हे त्या छटेवरून कळते. पुढे 1938 साली मुंबई विधिमंडळात हरिजन हा शब्द कायद्यात घालण्याचा प्रसंग आला, तेव्हा भाऊराव गायकवाड यांनी त्यास हरकत घेतली आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकरांसह त्यांच्या पक्षाचे सभासद सभात्याग करून बाहेर पडले. गौरवाचे म्हणून दिलेले नावही ज्यांना दिले त्यांना मान्य असावे लागते, मग हेटाळणीच्या नावाची गोष्टच वेगळी.

शिंदे यांचे मोठेपण मात्र शब्दांच्या निवडीपुरते नव्हते. आई-वडील, पत्नी रुक्मिणीबाई आणि बहीण जनाक्का अशा सगळ्या कुटुंबाला त्यांनी या कामात आणले. ज्या वस्त्यांचे नाव काढले तरी विटाळ मानला जाई, तेथे हे घर मुलांच्या सहवासात राहू लागले. शाळा, वसतिगृहे, शिवणकाम व पुस्तकबांधणीसारखे उद्योगशिक्षण असा कामाचा विस्तार झाला. पुण्यात अहल्याश्रम उभा राहिला. ज्या मुलांना आजवर केवळ जातीच्या नावाने हाक मारली जाई, ती येथे स्वतःच्या नावाने पटावर आली.

बोलणे आणि वागणे यांतील अंतर शिंदे यांनी फार जवळून पाहिले. 1917 साली ॲनी बेझंट यांच्या अध्यक्षतेखाली कलकत्त्यास भरलेल्या काँग्रेसने अस्पृश्यता निवारणाचा ठराव केला, त्यामागे त्यांचे परिश्रम होते. मार्च 1918 मध्ये मुंबईत सयाजीराव महाराजांच्या अध्यक्षतेखाली अस्पृश्यता निवारण परिषद भरली. लोकमान्य टिळकांनी तेथे अस्पृश्यतेविरुद्ध जोरदार भाषण केले, परंतु ती स्वतःच्या आचरणात न पाळण्याच्या जाहीरनाम्यावर सही केली नाही. व्यासपीठावरचा शब्द सोपा असतो, घरातला आणि रोजचा शब्द अवघड असतो, हे शिंदे यांना तेव्हापासून पुरते उमगले असावे. शिवीचेही असेच आहे. सभेत जातिभेदाचा निषेध करणारा माणूस रस्त्यात गाडी आडवी आली की कोणता शब्द उच्चारतो, यावरून त्याची परीक्षा होते.

शिंदे यांच्या वाट्याला सुख फारसे आले नाही. सनातन्यांना ते बाटलेले वाटत. स्वजातीतील अनेकांना ते परके वाटत. ज्यांच्यासाठी झटले त्यांच्यातील नव्या पिढीलाही, आपल्या संस्था आपल्याच हाती असाव्यात असे रास्तपणे वाटू लागले. मिशनपासून ते दूर झाले आणि मंगळूरच्या ब्राह्म समाजाचे आचार्य म्हणून काही काळ कर्नाटकात येऊन राहिले. त्याच मंगळुरात कुदमल रंगराव यांनी अस्पृश्य मुलांसाठी शाळा चालवली होती. 1930 च्या कायदेभंगात शिंदे यांनी कारावासही भोगला.

1933 साली त्यांचा ‘भारतीय अस्पृश्यतेचा प्रश्न’ हा ग्रंथ प्रसिद्ध झाला. आपल्या विषयाच्या दृष्टीने त्याचे महत्त्व असे की, त्यात जातींच्या नावांची व्युत्पत्ती आणि इतिहास यांचा त्यांनी शोध घेतला. लोकांनी हिणवण्यासाठी वापरलेली नावे त्यांनी विद्वानाच्या मेजावर सन्मानाने मांडली. नावांच्या अशा शोधातून पुष्कळ कळते. तमिळ परै म्हणजे ढोल. तो वाजवणाऱ्यांचे परैयर हे नाव इंग्रजीत गेले आणि जगभर बहिष्कृताला लावायचा शब्द होऊन बसले. महार हा गावगाड्यातील वतनदार होता आणि गावच्या शिवेचा तंटा पडला तर त्याची साक्ष मोलाची मानली जाई. वडार समाजाने दगड फोडून आपल्या वाड्यांची आणि धरणांची कामे केली, कैकाडी समाजाने टोपल्या विणून घराघरांतील धान्य सांभाळले. यांपैकी एकही नाव मुळात शिवी नव्हते. त्यांत कसब होते, श्रम होते, गावाचा विश्वास होता. ती हलकी ठरवली ती उच्चारणाऱ्याच्या मनाने.

2 जानेवारी 1944 रोजी विठ्ठल रामजी निवर्तले. स्वतंत्र भारताच्या राज्यघटनेच्या 17 व्या अनुच्छेदाने अस्पृश्यता नष्ट केली. 1989 च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्याने अनुसूचित जाती-जमातींतील व्यक्तीला जातीवरून लोकांदेखत अपमानित करणे हा गुन्हा ठरवला. वाड्या-वस्त्यांना असलेली जातिवाचक नावे बदलण्याचा निर्णय महाराष्ट्र शासनाने डिसेंबर 2020 मध्ये घेतला. जन्मगावाच्या चौकटी ओलांडून माणसे जोडण्याचे जे काम शिंदे यांनी आरंभले, ते अशा रीतीने पुढे चालत राहिले.

तथापि कायदा घराच्या उंबरठ्यापर्यंत येतो, जिभेपर्यंत पोहोचवण्याचे काम आपले असते. कुणी म्हणेल, मग जातीचे नाव उच्चारूच नये काय? तसे नाही. शाळेच्या दाखल्यावर तेच नाव लिहिलेले असते आणि त्याच्या आधारे एखाद्या मुलाला शिष्यवृत्ती मिळते. तेथे तो शब्द हक्क असतो. मैदानावर तोच शब्द चिखलासारखा फेकला की जखम होते. ज्याला उद्देशून तो फेकला तो कदाचित हसून सोडून देईल. पण त्याच समाजात जन्मलेला एखादा मुलगा शेजारी उभा असतो. त्याला कुणीच काही म्हटलेले नसते, तरी आपले आडनाव, आपले आई-वडील म्हणजे दुसऱ्याला लाजवण्याचे साधन आहे, हे तो त्या क्षणी शिकतो. सहज म्हटले या सबबीत हा मुलगा कुणाच्या ध्यानातच नसतो. शिंदे यांनी आयुष्यभर ध्यानात ठेवला तो नेमका हाच मुलगा.

आपण हेब्बाळला राहणाऱ्यांना तर हे अधिक कळावे. या गावाचे जुने नाव पेर्बोळल असे इ. स. 750 च्या सुमाराच्या शिलालेखात आढळते. बाराशे वर्षांत उच्चार बदलला, पण नाव दगडावर मानाने टिकले. येथे आपण मराठी माणसेही परप्रांतातून आलेली आहोत, आणि आपल्या भाषेवरून, प्रांतावरून कुणी हिणवले तर ते आपल्याला किती लागते हे आपण जाणतो. तेव्हा पालकांना एवढीच विनंती. मुलाच्या तोंडून असा शब्द आला तर केवळ रागावून गप्प बसवू नका. तो शब्द कुणाचे नाव आहे, त्या माणसांनी काय काय उभारले, हे त्याला शेजारी बसवून सांगा. दुसऱ्या दिवशी वर्गात हजेरी होईल तेव्हा बाकावरच्या मित्राचे नाव त्याच्या कानी निराळे पडेल.