सुशी रस्त्यावरून दुकानात नेणाऱ्या माणसाच्या हातात सरकारने बेड्या घातल्या होत्या

मुंबई-पुण्यातल्या एखाद्या भारी सुशी रेस्टॉरंटमध्ये गेलात तर सीन साधारण ठरलेला असतो. मंद लाईट, लाकडी काउंटर, काळ्या प्लेटमध्ये मांडलेले चार-सहा घास आणि खाण्याआधी त्यांचा फोटो. बिल आलं की एक घास कितीला पडला याचा हिशोब प्रत्येक जण मनातल्या मनात करतो. त्यामुळे अनेकांना वाटतं की सुशी म्हणजे पहिल्यापासून राजेरजवाड्यांचं खाणं असणार.

विषय बरोबर उलटा आहे. भाताच्या लहानशा मुटक्यावर माशाचा काप ठेवून केलेली जी सुशी आज जगभर ओळखली जाते, तिला निगिरी म्हणतात. ही निगिरी एदो शहरात, म्हणजे आजच्या टोकियोत, रस्त्यावर उभ्या उभ्या खायची गोष्ट होती. ती लोकप्रिय करण्याचं श्रेय ज्याला दिलं जातं, तो हानाया योहेई सुरुवातीला डब्यात सुशी भरून रात्री गल्लोगल्ली विकत फिरायचा.

योहेईचा जन्म १७९९ चा. त्याच्या आयुष्याबद्दलची बरीचशी माहिती त्याच्या घराण्यात सांगितल्या जाणाऱ्या गोष्टींमधून आली आहे, त्यामुळे त्यात थोडंफार तिखटमीठ असणारच. पण ढोबळ कहाणी अशी. घरची परिस्थिती बेताची, म्हणून लहानपणीच त्याला कुरामाए भागातल्या एका फुदासाशीकडे नोकर म्हणून ठेवलं गेलं.

आता फुदासाशी म्हणजे कोण? त्या काळी सामुराईंना पगार पैशात नाही, तांदळात मिळायचा. तो तांदूळ सरकारी कोठारातून उचलायचा, विकायचा आणि सामुराईच्या हातात रोख रक्कम ठेवायची, हे काम करणारे दलाल म्हणजे फुदासाशी. पुढच्या पगाराच्या तांदळावर ते कर्जही द्यायचे. कंबरेला तलवार लावून फिरणारे सामुराई या दलालांचे कर्जदार होते आणि दलालांचा थाट काही विचारू नका. उत्तम खाणं-पिणं म्हणजे काय, हे योहेईने पहिल्यांदा पाहिलं असेल तर ते इथेच.

विशीच्या आसपास त्याने ती नोकरी सोडली. मग हा धंदा कर, तो धंदा कर, असं चालू राहिलं. जुन्या वस्तूंची खरेदी-विक्री करून झाली. काहीच टिकलं नाही. शेवटी गडी सुशीकडे वळला.

पण तेव्हाची सुशी वेगळी होती. तिचं सर्वात जुनं रूप म्हणजे मीठ लावलेले मासे भातात दाबून महिनोन् महिने आंबवायचे. भात हा फक्त मासे टिकवण्यासाठी, तो बऱ्याचदा फेकून दिला जायचा. बिवा तलावाच्या परिसरात फुनाझुशी नावाने हा प्रकार आजही केला जातो आणि त्याचा वास ज्याने घेतलाय तो विसरत नाही. पुढे आंबवण्याऐवजी भातात व्हिनेगर घालायची युक्ती निघाली. तरीही लाकडी साच्यात भात आणि मासा भरायचा, वर वजन ठेवायचं, काही तास थांबायचं आणि मग वड्या पाडायच्या, ही पद्धत कायम होती.

एदोला मात्र थांबायला वेळ नव्हता. साधारण दहा लाख वस्तीचं हे शहर. कामासाठी गावाकडून आलेले मजूर, सुतार, नोकर, मालकांसोबत आलेले सामुराई यांची गर्दी, म्हणजे एकट्या पुरुषांची संख्या प्रचंड. घरात शिजवायला कोणी नाही आणि चूल पेटवायची म्हटलं तर लाकडी घरांच्या शहरात आगीची भीती. त्यामुळे नूडल्स, तेम्पुरा, भाजलेली ईल असं सगळं रस्त्यावर मिळायचं.

त्यात सुमिदा नदीवरचा रियोगोकू पूल म्हणजे गर्दीचा अड्डा. १६५७ च्या भीषण आगीनंतर हा पूल बांधला गेला. पुन्हा आग लागली तर पसरू नये म्हणून पुलाच्या तोंडाशी जागा मोकळी ठेवली होती. तिथे पक्कं बांधकाम करता येत नव्हतं, मग काय, ती जागा टपऱ्या, तंबू आणि खेळवाल्यांनी भरून गेली. जवळच एकोइन मंदिरात सुमो कुस्त्या व्हायच्या. योहेई याच भागात सुशी विकायचा. आधी हातात डबा, मग टपरी आणि १८२४ च्या सुमारास स्वतःचं दुकान.

साच्यात दाबलेल्या सुशीत माशाचा रस निघून जातो, चव राहत नाही, ही त्याची तक्रार होती असं सांगतात. त्यावर त्याने काढलेला उपाय म्हणजे साचाच बाजूला ठेवायचा. भाताचा मुटका हातात घ्यायचा, वसाबी लावायची, वर मासा ठेवून दाबायचं आणि गिऱ्हाइकापुढे ठेवायचं. काही तासांचं काम काही सेकंदांवर आलं.

निगिरी त्यानेच पहिल्यांदा केली का, यावर वाद आहे. फुकागावातल्या मात्सुनोझुशी या दुकानाचा मालक साकाइया मात्सुगोरो यालाही काही जण हे श्रेय देतात. खरं म्हणजे रस्त्यावरच्या खाण्याचा पहिला मालक शोधणं अवघडच असतं, इतकी डोकी तिथे एकाच वेळी काम करत असतात. पण पद्धतीला पक्कं रूप आणि नाव मिळवून देणारा म्हणून योहेईचंच नाव पुढे आलं.

या सुशीला एका गोष्टीची मोठी मदत झाली. ओवारी प्रांतातल्या हान्दा गावच्या नाकानो मातझाएमोन या साके बनवणाऱ्याने १८०४ मध्ये साकेच्या चोथ्यापासून व्हिनेगर काढायला सुरुवात केली होती. हे लालसर व्हिनेगर स्वस्त होतं आणि त्याला अंगचीच गोडसर चव होती. समुद्रमार्गे ते एदोत यायचं आणि निगिरीवाल्यांच्या भातात जायचं. मातझाएमोनचा हा धंदा आज मिझकान नावाने चालतो.

आता सुशी म्हणजे कच्चा मासा, असं अनेक जण धरून चालतात. पण योहेईच्या काळात फ्रीज नव्हता. त्यामुळे कोहादा हा लहान मासा मीठ-व्हिनेगरात मुरवला जायचा, कोळंबी उकडली जायची, ईल शिजवून त्यावर गोडसर रस लावला जायचा, ट्यूना सोया सॉसमध्ये भिजवला जायचा. ट्यूनाचा चरबीचा भाग, ज्याला आज सर्वात जास्त भाव आहे, तो लवकर खराब व्हायचा म्हणून त्याला कोणी विचारत नव्हतं. आणि सॅमन? तो कच्चा खाण्याची पद्धतच नव्हती. सॅमनची सुशी रूढ झाली ती १९८० च्या दशकात नॉर्वेने आपला मासा जपानमध्ये खपवायला जोर लावल्यानंतर.

घासही आजच्या दुप्पट-तिप्पट मोठा असायचा. कितागावा मोरिसादा नावाच्या लेखकाने त्या काळच्या रोजच्या जगण्याच्या तपशीलवार नोंदी करून ठेवल्यात. त्यानुसार बहुतेक सुशी ८ मोनला एक आणि अंड्याची १६ मोनला. सोबा नूडल्सचा वाडगा तेव्हा १६ मोनला मिळायचा. म्हणजे वाडगाभर नूडल्सच्या पैशात दोन मोठ्या सुशी. मजुराला परवडणारं खाणं होतं हे.

योहेईचं दुकान मात्र इथवर थांबलं नाही. माल चांगला, जागा मोक्याची. तिथल्या गर्दीत ताटकळणाऱ्या गिऱ्हाइकांवर विनोदी कविता रचल्या गेल्या. मग पैसेवाले येऊ लागले, सजवलेले सुशीचे डबे भेट म्हणून बड्या घरी जाऊ लागले. वर उल्लेख आलेलं फुकागावातलं दुकान तर महागड्या डब्यांसाठीच गाजलं. थोडक्यात काय, ट्रेंडी सुशी रेस्टॉरंट ही गोष्ट दोनशे वर्षं जुनी आहे.

आणि इथेच माशी शिंकली. १८३० च्या दशकात जपानमध्ये मोठा दुष्काळ पडला. लोक उपाशी, सरकारी तिजोरी रिकामी. १८४१ मध्ये शोगुनच्या दरबारातला प्रमुख मंत्री मिझुनो तादाकुनी याने सुधारणांचा धडाका लावला. रेशमी कपडे बंद, महागडी खेळणी बंद, नाटकाची थिएटर्स शहराच्या मध्यातून उचलून टोकाला. चैन दिसली की कारवाई. दुष्काळात उधळपट्टी नको हे म्हणणं ठीक, पण देशाची तिजोरी काही सुशीच्या डब्यांनी रिकामी झाली नव्हती.

तरी सुशीवाले सापडलेच. चैनीचं अन्न विकतात म्हणून दोनशेहून जास्त सुशीवाल्यांना शिक्षा झाल्याचं सांगतात. त्यात मात्सुगोरो होता, योहेईही होता. शिक्षा होती हातात बेड्या. यात माणसाला तुरुंगात नेत नसत. हात जखडून घरीच बसवून ठेवायचे. ज्याचा सगळा धंदा दोन तळहातांवर उभा, त्याच्यासाठी ही शिक्षा म्हणजे दुकानाला कुलूपच.

मिझुनोची सत्ता १८४३ मध्ये गेली. सुधारणा बारगळल्या, सुशीवाले पुन्हा कामाला लागले. एदोत निगिरीचा बोलबाला एवढा वाढला की साच्यातली सुशी मागे पडली. योहेई १८५८ मध्ये गेला. त्याचं दुकान वारसांनी पुढे अनेक दशकं चालवलं. १९२३ च्या भूकंपात टोकियो उद्ध्वस्त झालं तेव्हा शहरातले अनेक सुशी कारागीर आपापल्या गावी परतले आणि निगिरी जपानभर पसरली. योहेईचं दुकान मात्र विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात बंद पडलं.

त्याच्या मृत्यूला बरोबर शंभर वर्षं झाली तेव्हा, १९५८ मध्ये, ओसाकाजवळ योशिआकी शिराइशी यांनी एक स्वस्त सुशीचं दुकान उघडलं. बिअरच्या कारखान्यातला सरकता पट्टा पाहून त्यांनी तसाच पट्टा दुकानात बसवला आणि त्यावरून बश्या फिरवल्या. गिऱ्हाईक मजूर आणि कामगार. दुकान जोरात चाललं.