झाडांचे घड्याळ शोधणारे द मेराँ

सोयाबीनची पेरणी लांबली की झाडे बुटकी असतानाच फुलावर येतात, हे आपण पाहिले असेल. सोयाबीनला दिवस लहान होत चालल्याचे कळते. त्यासाठी झाडाच्या पेशींत एक जैविक घड्याळ असते. त्याचा पहिला माग लागला तो एका खगोल अभ्यासकाला.

ज्याँ-जाक द मेराँ यांचा जन्म १६७८ मध्ये दक्षिण फ्रान्समधील बेझिए येथे झाला. पुढे ते पॅरिसच्या विज्ञान अकादमीचे सदस्य झाले. ध्रुवीय प्रदेशातील आकाशात दिसणाऱ्या रंगीत प्रकाशावर त्यांनी ग्रंथ लिहिला.

आपल्याकडच्या चिंचेप्रमाणे लाजाळूचीही पाने रात्री मिटतात व सकाळी उघडतात. हे उन्हामुळे होते, असा सर्वांचा समज होता. द मेराँ यांनी असे झाड अंधारात ठेवून पाहिले. ऊन नसतानाही पाने दिवसा उघडत आणि रात्री मिटत राहिली. १७२९ मध्ये त्यांचे मित्र मार्शां यांनी हे निरीक्षण अकादमीपुढे मांडले. मात्र झाडाला सूर्य न दिसताही जाणवतो, असाच अर्थ तेव्हा काढला गेला. द मेराँ १७७१ मध्ये वारले. पुढे १८३२ मध्ये द कांदोल यांनी दाखवले की सतत प्रकाशात ठेवलेल्या लाजाळूचे हे चक्र २२ ते २३ तासांचे होते. ते सूर्याच्या २४ तासांशी जुळत नव्हते, म्हणजे घड्याळ झाडाचे स्वतःचेच होते.

आज हे घड्याळ जनुकांचे बनलेले आहे, हे आपल्याला माहीत आहे. सकाळी कार्यरत होणारी जनुके संध्याकाळच्या जनुकांना दाबून ठेवतात. दिवसभरात त्यांचा जोर ओसरला की संध्याकाळची जनुके जागी होतात आणि सकाळच्या जनुकांना दाबतात. हे चक्र प्रकाशसंश्लेषण, वाढ व फुलोरा यांच्या जनुकांनाही वेळेवर चालू-बंद करते. रोजचा सूर्यप्रकाश हे घड्याळ लावून देतो. प्रकाश घड्याळाच्या कोणत्या वेळी पडतो, यावरून झाडाला दिवसाची लांबी कळते.

म्हणून पेरणीची तारीख आणि वाण यांचा विचार एकत्रच करा. खरीप व रब्बी कांद्याचे वाण वेगळे असण्यामागेही दिवसाची लांबी आणि तापमान आहे. खत-पाणी कितीही दिले तरी झाडाचे घड्याळ मागे फिरवता येत नाही. पेरणी लांबली असेल, तर त्या वेळेसाठी शिफारस केलेले वाणच निवडा.