महाबळेश्वर इंग्रजांना देणाऱ्या छत्रपतींना पुढे सातारासुद्धा सोडावा लागला

आमच्या सारंगखेड्याकडच्या माणसाला थंड हवा हवी असली की तो तोरणमाळ गाठतो. डोंगर आणि वर यशवंत तलाव. पुण्या-मुंबईवाले तसेच महाबळेश्वरला जातात, वेण्णा तलावात बोटिंग करतात. दोन्ही डोंगर एकाच आगीतून आलेले. साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वी दख्खनमध्ये ज्वालामुखीचा लाव्हा थरावर थर साचला, तोच हा काळा पाषाण.

महाबळेश्वरची गोष्ट मात्र सातारच्या एका राजाशिवाय सांगता येत नाही. छत्रपती प्रतापसिंह महाराज.

जन्म 1793 चा. 1808 मध्ये, पंधराव्या वर्षी गादी मिळाली. पण नावालाच! सत्ता दुसऱ्या बाजीराव पेशव्यांच्या हातात आणि छत्रपती जवळपास नजरकैदेत. फेब्रुवारी 1818 मध्ये आष्टीच्या लढाईत बापू गोखले पडले आणि महाराज इंग्रजांच्या ताब्यात आले. इंग्रजांनी त्यांना पुन्हा साताऱ्यात बसवलं, 1819 मध्ये तह केला. 1822 पासून कारभार खऱ्या अर्थाने महाराजांकडे आला.

कारभार त्यांनी मनापासून केला. साताऱ्यात रस्ते, पाणी, शाळा. स्वतः रोजनिशी लिहायचे.

1824 मध्ये लॉडविक नावाचा इंग्रज अधिकारी महाबळेश्वरच्या पठारावर चढला. त्याच्या नावाचा पॉइंट तुम्ही पाहिला असेल. उन्हाने हैराण झालेल्या साहेबांना ही हवा फारच आवडली. महाराजांनी साताऱ्याहून वर रस्ता करून दिला. मग मुंबईचा गव्हर्नर जॉन माल्कम याने ती जागाच मागितली. 1829 मध्ये अदलाबदल झाली: महाबळेश्वर कंपनीला, बदल्यात वाईकडचं खंडाळा महाराजांना. (लोणावळ्याजवळचं नव्हे!) वर जी पेठ वसली, तिला नाव मिळालं माल्कम पेठ.

इतकं सगळं देऊनही दहा वर्षांत सूर बदलला. जहागिरींच्या हक्कावरून आधीच वाद होता. त्यात महाराजांवर आरोप आले, की त्यांनी गोव्याच्या पोर्तुगीजांशी आणि नागपूरच्या पदच्युत अप्पासाहेब भोसल्यांशी संधान बांधलं, कंपनीचे शिपाई फितवले. 1839 मध्ये गव्हर्नर कार्नॅक स्वतः साताऱ्यात आला. कबुलीच्या कागदावर सही करा, गादी राहील, असा सौदा होता. महाराजांनी सही केली नाही. माझ्या मते त्यांच्या आयुष्यातला सगळ्यात मोठा निर्णय हाच. महाबळेश्वर देताना त्यांनी सही केली होती, पण न केलेला गुन्हा कबूल करायला ते तयार नव्हते.

सप्टेंबर 1839 मध्ये त्यांना गादीवरून काढून काशीला पाठवलं गेलं. गादीवर त्यांचे धाकटे भाऊ शहाजी ऊर्फ अप्पासाहेब बसले. महाराजांची बाजू मांडायला रंगो बापूजी लंडनला गेले आणि अनेक वर्षं तिथेच झगडत राहिले. हाती काही लागलं नाही.

वेण्णा तलाव 1842 चा. तो बांधला अप्पासाहेबांनी. तेव्हा प्रतापसिंह काशीत होते आणि तिथून ते कधीच परतले नाहीत. ऑक्टोबर 1847 मध्ये त्यांचं तिथेच निधन झालं. एप्रिल 1848 मध्ये अप्पासाहेबही गेले. दोघांच्याही दत्तकांचा वारसा कंपनीने नाकारला आणि संस्थान खालसा केलं. त्याबरोबर महाबळेश्वरच्या बदल्यात दिलेलं खंडाळाही कंपनीकडे परत गेलं.