मराठीत ख्रिस्त आणणारे फादर स्टीफन्स

इंग्लंडमध्ये जन्मलेले येशूसंघीय फादर थॉमस स्टीफन्स १५७९ साली गोव्यात आले व १६१९ मध्ये तेथेच देवाघरी गेले. रोममधील अभ्यासातून मध्ययुगीन ईशज्ञानाचा वारसा त्यांना लाभला होता. त्यात एक गहन प्रश्न होता: मानवाने पाप केले नसते, तर देवपुत्राने देह धारण केला असता काय? संत थॉमस अक्वायनस यांचा कल देहधारणेला पापावरील औषध मानण्याकडे होता. धन्य जॉन डन्स स्कोटस यांच्या मते देवाच्या संकल्पात ख्रिस्तच प्रथम होता.

१६१६ साली छापलेल्या 'ख्रिस्तपुराणा'त फादरांनी वाद न घालता ओवीबद्ध कथा सांगितली. पहिल्या पुराणात सृष्टी, मानवाचे पतन व तारणाऱ्याची प्रतीक्षा, दुसऱ्यात ख्रिस्तचरित्र. अशा रीतीने साऱ्या इतिहासाच्या केंद्रस्थानी ख्रिस्त आला. स्वर्गासाठी त्यांनी 'वैकुंठ' हा शब्द स्वीकारला. जुन्या शब्दाबरोबर जुना अर्थही येतो, हा धोका त्यांनी पत्करला. अन्यथा येथील श्रोत्यांना ख्रिस्त परकाच वाटला असता.

दापोडी परिसरात मराठीतून मिस्साबली अर्पण करताना आम्हांला त्यांच्या ऋणाचे कृतज्ञ स्मरण होते.