हुकमाविना नेतृत्व : साने गुरुजी

वाचकहो, नेता म्हटला की धाक बसवणारा, हुकूम सोडणारा माणूस आपल्या डोळ्यांपुढे उभा राहतो. परंतु आपल्या खानदेशात हुकमाविना मुलांना कामाला लावणारा एक शिक्षक होऊन गेला. ते म्हणजे पूज्य साने गुरुजी.

पांडुरंग सदाशिव साने यांचा जन्म २४ डिसेंबर १८९९ रोजी कोकणातील पालगड येथे झाला. शिक्षण पुरे करून ते १९२४ साली अमळनेरच्या प्रताप हायस्कूलमध्ये शिक्षक झाले. पुढे वसतिगृहाची जबाबदारीही त्यांच्याकडे आली. मुलांच्या खोल्या अस्ताव्यस्त असत, कंदिलांच्या काचा काजळलेल्या असत. गुरुजींनी छडी उगारली नाही. मुले बाहेर गेली की ते स्वतः खोली झाडीत, काचा पुशीत, मळके कपडे धुऊन ठेवीत. कोणी आजारी पडला तर त्याच्या उशाशी बसत. मुले ओशाळली आणि हळूहळू आपली कामे आपणच करू लागली. बोलायचे असे ते गुरुजी 'छात्रालय' या हस्तलिखित दैनिकातून सांगत.

१९३० साली नोकरी सोडून त्यांनी सत्याग्रहात उडी घेतली. १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबाजींनी गीतेवर प्रवचने दिली. गुरुजींनी ती परिश्रमपूर्वक लिहून घेतली, म्हणून ती आज आपणांस वाचावयास मिळतात. स्वतः लेखक असूनही दुसऱ्याचा शब्द टिपण्यात त्यांना कमीपणा वाटला नाही. डिसेंबर १९३६ मध्ये फैजपूरला काँग्रेसचे पहिले ग्रामीण अधिवेशन भरले. त्यासाठीही ते खेडोपाडी हिंडले. मे १९४७ मध्ये पंढरपूरचे विठ्ठलमंदिर हरिजनांना खुले व्हावे म्हणून त्यांनी उपोषण केले. तेथेही क्लेश त्यांनी स्वतःच सोसले. ११ जून १९५० रोजी ते आपल्यातून गेले.

गुरुजींनी 'इस्लामी संस्कृती' हे पुस्तक लिहिले, हे आपणांपैकी पुष्कळांना ठाऊक नसेल. हजरत पैगंबरांनी (स.) मदिनेच्या रक्षणासाठी खंदक खणताना साथीदारांबरोबर स्वतः माती वाहिली, हे आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. मग गुरुजींची रीत आपणांस परकी कशी वाटेल?

मात्र येथे एक गैरसमज टाळला पाहिजे. हुकूम न देणे म्हणजे दुर्लक्ष करणे नव्हे. गुरुजींनी धाक सोडला, काळजी सोडली नाही. धाकाने होणारे काम साहेबांची पाठ वळली की थांबते. मनापासून पत्करलेले काम पाठीमागेही चालू राहते. हा मार्ग वेळखाऊ आहे, त्याला सबुरी लागते.

शिक्षक बंधुभगिनींनो, यंदा वाचनालय किंवा स्नेहसंमेलन यांपैकी एक काम पूर्णपणे विद्यार्थ्यांच्या हाती देऊन पाहा. खुर्च्या वाकड्या लागल्या, हिशेबात दोन रुपये चुकले, तरी लगेच मध्ये पडू नका. विचारले तर सांगा. आणि सतरंज्या उचलायची वेळ आली की पहिले टोक आपण धरा. आपल्या समाजाला उद्या संस्था चालवणारी माणसे हवी आहेत. ती हुकूम ऐकून तयार होणार नाहीत, जबाबदारी पेलूनच तयार होतील.